राखेच्या बेटावर डबल बेल

एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला प्रवासाचं काय कौतुक, असं चाळीसगावच्या स्टँडवरचे माझे मित्र म्हणतात. त्यांना मी सांगतो, की कंडक्टर प्रवास करतच नाही, तो लोकांना प्रवास करवतो. खिडकीबाहेर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं ते आत माणसं किती, कुणाचं गाठोडं कुणाच्या पायावर आहे आणि कन्नडचा घाट लागला की कोण ओकणार आहे. त्या घाटासाठी मी सीटखाली राखेची पिशवी ठेवत असे. कुणी ओकलं की राख टाकायची, झाडूनं भरून घ्यायचं आणि त्या माणसाला पाणी द्यायचं. हे काम सफाईवाल्याचं आहे, असं मला कधी वाटलं नाही. माझ्या गाडीतला माणूस म्हणजे माझा माणूस.

तर सांगायचं म्हणजे, गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझी बायको सुमन दक्षिण जपानला जाऊन आलो. पेटी नाही, पंच नाही, नुसतं खिडकीत बसायचं. तो माझा पहिला प्रवास धरायला हरकत नाही.

आमची एकुलती एक मुलगी योगिता तीन वर्षांपासून तिकडे आहे. धुळ्याला नर्सिंग केलं, पुण्यात राहून जपानी भाषा शिकली, परीक्षा दिल्या आणि क्यूशू नावाच्या मोठ्या बेटाच्या पार खालच्या टोकाला, एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीला लागली. काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं आणि त्यांचे डायपर बदलायचे. आज मी हे सरळ लिहितोय, पण तीन वर्षं हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. त्याला कारण आमचे नाना. नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. भावकीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. योगिता निघाली त्या दिवशी ओट्यावर बसून ते चारचौघांत म्हणाले, “परका म्हातारासनं हागनं-मुतनं काढाकरता पोरले इतली शिकाडी का?”

 त्याच दिवशी मी मनातल्या मनात जपानात एक मोठा दवाखाना बांधला, योगिताला त्यात सिस्टर म्हणून नेमलं आणि पुढं नानांसकट कुणीही विचारलं की, काम बदललं म्हणून, तोच दवाखाना दाखवू लागलो. सुमनला हे अजिबात खपत नसे. ती बायकांत बिनधास्त खरं सांगायची आणि मी आसपास असलो की विषय बदलायचो.

यंदा योगितानं आम्हाला बोलावलं. तिला सुट्टी फार नव्हती, पण आश्रमात रविवारी दुपारी दोन ते चार घरच्यांना भेटता येतं. तिनं वरिष्ठांना विचारून आई-बापाला आपलं काम दाखवायची परवानगी काढली होती. फोनवर तिनं विचारलं, आबा, तुम्ही आत येणार ना? मी म्हटलं, बघू. सुमननं फोन ठेवला आणि पापड लाटता लाटता, मान वर न करता मला सांगून टाकलं.

“तुम्हले येवानं ते या, नही ते बाहेर बठी ऱ्हावा. मी माय शे. मी मन्ही पोरनं काम देखसू.”

मी मग बेत असा केला, की आठ दिवस आधी क्यूशूच्या वरच्या टोकाला, फुकुओकाला उतरायचं आणि रेल्वे, बस, ट्राम, बोट असं करत सावकाश खाली जायचं. सगळ्यांना सांगितलं, एवढं लांब जातोय तर मुलूख बघून घेऊ. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्या रविवारापासून मी जेवढा लांब राहता येईल तेवढा राहत होतो.

फुकुओका आणि बेप्पू

फुकुओकात पहिल्या दिवशी पाहिलं ते केळं. एका दुकानात एकेक केळं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नवरीसारखं नटवून ठेवलं होतं. सुमनची बहीण रावेरला दिलेली आहे, तिच्या घरी केळीच्या घडांचे ट्रक भरतात. सुमननं ते केळं हातात घेऊन उलटंपालटं केलं, विकत घेतलं, दोन घास खाल्ले आणि उरलेलं माझ्याकडे देऊन म्हणाली, कपडे चांगले आहेत. त्यानंतर आठ दिवस तिनं जपानी केळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

आम्ही दोघं माळकरी. मांस-मच्छी चालत नाही. योगितानं आईला एकच जपानी वाक्य पाठ करून दिलं होतं, “निकु, साकाना, ताबेमासेन”. म्हणजे मांस-मासे खात नाही. सुमन ते प्रत्येक हॉटेलच्या दारात, चपला काढायच्या आधीच, आरतीच्या चालीवर म्हणायची. लोक हसायचे नाहीत. आतून कुणीतरी येऊन गंभीरपणे ऐकून घ्यायचं, विचार करायचं आणि मग नुसता भात, लोणचं, टोफू असं काहीतरी आणून ठेवायचं. त्यावर आमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पडली की जेवण झालं.

बेप्पू या गावी मात्र सुमनचा दिवस होता. तिथे जमिनीतून वाफ येते. गटारातून, भिंतींतून, लोकांच्या अंगणातून, जिकडे बघावं तिकडे पांढरी वाफ. एका ठिकाणी त्या वाफेवर स्वयंपाक करायची सोय आहे. आपली भाजी आपण घेऊन जायची, टोपलीत ठेवायची, दगडी भट्टीवर झाकण टाकायचं आणि घड्याळ लावून बसायचं. लोक रताळी, अंडी, कोबी वाफवत होते. सुमननं बाजारातून तीन लांबलचक वांगी आणली होती. तिथे वांग्याला नासु म्हणतात.

वांगी वाफेवर मऊ झाली. सुमननं ती ताटलीत ठेचली, वरून मिरची, मीठ, चटणी आणि डब्यातलं तेल घातलं. मी घास घेतला. आपल्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतो, तो धुराचा वास त्यात कुठून येणार? मी म्हटलं, भरीत नाही, पण भरताची चुलत बहीण आहे. शेजारच्या भट्टीवरच्या दोन आजीबाई केव्हापासून आमच्याकडे बघत होत्या. सुमननं त्यांच्या ताटलीत एकेक चमचा वाढला. एकीनं खाल्लं, तोंडावर हात धरला, डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ताटली पुन्हा पुढं केली. जमिनीतल्या वाफेवर खानदेशी भरीत करून जपानी बाईला दुसऱ्यांदा वाढणारी चाळीसगाव तालुक्यातली पहिली बाई माझी बायको आहे, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आसोचा डोंगर

बेप्पूहून कुमामोतोला जाणारी रेल्वे आसो नावाच्या ज्वालामुखीच्या पोटातून जाते. पोटातून म्हणजे खरोखर पोटातून. फार जुन्या काळी डोंगर आत खचून परातीसारखा खोलगट झाला आणि आता त्या परातीत शेती आहे, गावं आहेत, शाळा आहेत. परातीच्या मधोमध डोंगर अजून धूर सोडतो आणि त्याच्या अंगावर गाई चरतात. सुमन म्हणाली, आपण चूल पेटलेली असताना शेजारी झोपत नाही आणि ही माणसं चुलीतच राहतात.

परातीतून बाहेर पडताना उतार एवढा आहे, की गाडीला सरळ उतरता येत नाही. ती थोडी उतरते, थांबते, मग उलटी चालते, पुन्हा थांबते आणि पुन्हा पुढं जाते. दर वेळी ड्रायव्हर आपली टोपी आणि पिशवी घेऊन डब्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्यांच्या मधून चालत जायचा आणि जाता जाता मान लववायचा. मला कन्नडच्या घाटातली वळणं आठवली. फक्त इथे कुणी ओकत नव्हतं.

त्याच गाडीत मी ती गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून समोरच्या सिग्नलकडे बोट करायचा आणि मोठ्यानं काहीतरी बोलायचा. डब्यात त्याच्याशिवाय रेल्वेचं कुणी नाही, तरी बोलायचा. दार बंद झालं की दाराकडे बोट, घड्याळाकडे बोट, मग गाडी हलायची. मी योगिताला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आबा, जे करायचं ते आधी बोटानं दाखवायचं आणि तोंडानं म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. इथे सगळीकडे असंच शिकवतात, आम्हालाही.

मला हे फार आवडलं. आम्हीही तेच करत होतो, फक्त घंटीनं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सगळे चढले, म्हातारी बसली, लेकराचा पाय आत आला, मग डबल बेल. माझ्या डबल बेलशिवाय एकतीस वर्षांत एकही गाडी स्टँडवरून हलली नाही, आणि माझ्या गाडीत चढताना-उतरताना कुणी पडलं नाही. हे मी कुठल्याही देशात ताठ मानेनं सांगेन. योगिता लहान असताना शाळेला सुट्टी लागली की माझ्याबरोबर गाडीत यायची आणि मी तिला उचलून घंटीची दोरी ओढू द्यायचो. टण टण झालं की तिला वाटायचं, गाडी आपणच चालवतोय.

समुद्राच्या कडेनं

कुमामोतोत किल्ला पाहिला. भूकंपानं त्याच्या भिंती पडल्या होत्या आणि पडलेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक टाकून तो जिथला तिथे परत बसवत होते. आपल्याकडे किल्ल्याच्या दगडावर लोक नाव टाकतात, ते कशाला ते तुम्हाला माहीत आहेच.

तिथून खाली जायला जलद गाडी आहे, पण मी मुद्दाम समुद्राच्या कडेनं जाणारी एका डब्याची गाडी निवडली. ती प्रत्येक फाट्यावर थांबायची. एकीकडे संत्र्यांनी लगडलेल्या टेकड्या आणि दुसरीकडे एवढा जवळ समुद्र, की खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला व्हावा. चार शाळकरी पोरी, एक कोळीण आणि आम्ही. मला ती गाडी आपल्या खेड्यात रात्री वस्तीला जाणाऱ्या मुक्कामी गाडीसारखी वाटली आणि मी खुशीत होतो. सुमनही खुशीत होती, पण बायको खुशीत असली म्हणजे विसरलेली असते असं नाही.

“तुम्हना मनमा पोहचानंच दिखत नही,” ती समुद्राकडे बघत म्हणाली.

मी संत्रं सोलत राहिलो. 

कागोशिमा

कागोशिमा हे मोठं शहर. ट्रामच्या रुळांमध्ये गवत लावलेलं, त्यामुळे ट्राम हिरवळीवरून चालते. शहरासमोर समुद्रात साकुराजिमा नावाचा डोंगर आहे आणि तो रोज थोडाथोडा धूर आणि राख टाकत असतो. वारा जिकडे, तिकडे राख. लोक छत्री उघडून चालतात, गाड्या पुसतात आणि अंगणातली राख झाडून पिवळ्या पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात. मग नगरपालिका ती उचलून नेते.

मी त्या पिशव्यांकडे किती वेळ बघत उभा होतो. सुमनला म्हटलं, आपल्या गाडीला दहा वर्षं पुरली असती. ती हसली आणि मग हसता हसता थांबली. म्हणाली, लोकांचं ओकलेलं तुम्ही राख टाकून साफ करायचात, ते मी माहेरी कौतुकानं सांगायचे. तेव्हा कुणी तुम्हाला दवाखान्यात नोकरीला नाही लावलं.

रात्री जेवण गेलं नाही, हे खरं.

रविवार

योगिताचं गाव साकुराजिमाच्या पलीकडे. तिकडे रेल्वे नाही. आधी बोटीनं पंधरा मिनिटं, मग बेटाला वळसा घालून जाणारी बस. हे बेट आता बेट राहिलेलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी डोंगरातून वाहून आलेला लाव्हारस समुद्रात थिजला आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. बस त्याच काळ्या दगडांमधून जाते.

बसमध्ये मधल्या दारानं चढायचं आणि यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. उतरताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात भाडं टाकायचं. कंडक्टर नाही. ड्रायव्हरच गाडी चालवतो, थांब्याचं नाव सांगतो आणि प्रत्येकाला नमस्कार करतो. एकटा माणूस बिचारा. सुमनला मी पुढची खिडकी दिली. माझ्या गाडीत ती कधी बसली, तर मी तिला शेवटच्या बाकड्यावर बसवायचो, घरची बाई पुढं बसली तर लोक काय म्हणतील म्हणून. तिनं ते बोलून दाखवलं आणि रुमालानं काच पुसून घेतली.

तीन-चार थांब्यांनंतर एक आजीबाई चढली. पाठीचं अगदी धनुष्य झालेलं आणि बरोबर चाकांची छोटी गाडी. मी बसून कसा राहणार? उठलो, गाडी आत उचलून घेतली, आजीला सीटवर बसवलं, चाकं आडवी लावली. सगळं जिथल्या तिथं झालं आणि माझा हात आपोआप वर गेला. दोरी नव्हती. पण खांबावर एक बटण होतं. मी ते दोनदा दाबलं.

टिंग वाजलं आणि बस निघाली. मला वाटलं, वा, इथेही चालतं की.

पुढच्या थांब्यावर बस उभी राहिली. दार उघडलं. ड्रायव्हर आरशात बघत माईकवर काहीतरी म्हणाला. कुणी उठेना. एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे एक बाकडं. ड्रायव्हर पुन्हा बोलला, त्याहून अदबीनं. बसमधले सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की इथे बटण दाबलं की पुढच्या थांब्यावर उतरायचं असतं, मग एकदा दाबा नाहीतर दहादा.

आता ड्रायव्हरला हे समजावणार कसं? आणि समजावता आलं असतं, तरी एक गोष्ट होती. उगाच बेल मारून गाडी थांबवणाऱ्याला मी नोकरीत कधी सोडलं नाही, तिथल्या तिथे खाली उतरवलं आहे. जो नियम दुसऱ्याला, तोच आपल्याला. मी सुमनला म्हटलं, चल, उतरायचंय. पैसे टाकले, नमस्कार केला आणि आम्ही दोघं त्या निर्मनुष्य थांब्यावर उतरलो. बस गेली. मी खांबावरचं वेळापत्रक पाहिलं. पुढची बस पावणेदोन तासांनी.

सुमननं सगळं ओळखलं होतं. ती बाकड्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलंत. पोरीनं दोन वाजता बोलावलंय, आणि आता आपण पोचणार सव्वातीनला.

मी शपथ घेतली. सुमनचा विश्वास बसला नाही, आणि गंमत म्हणजे माझाही पुरता बसेना. हात आपोआप गेला हे खरं, पण मन कुठं नेत होतं ते मला ठाऊक होतं. मी योगिताला फोन लावून झालेलं सांगितलं. ती एवढी हसली, की मागून कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं. म्हणाली, आबा, जागचे हलू नका, पुढची बस पकडा. मी चारपर्यंत वाट बघते.

त्या बाकड्यावर हातानं शिवलेल्या उशा होत्या. कुणाच्या म्हणून बघतोय तोवर एक म्हातारेबुवा झाडू घेऊन आले आणि थांब्यावरची राख झाडू लागले. ऐंशीच्या पुढचे, पण हात चालता. आमच्याकडे बघून टोपी काढली. मी योगितानं फोनमध्ये घालून दिलेलं भाषांतराचं यंत्र चालू केलं. त्यांचं नाव हामादा. मागं टेकडीवर त्यांची लहान संत्र्यांची बाग. थांबा सरकारचा, पण झाडायचे ते. उशा त्यांच्या बायकोनं शिवलेल्या. तेही पुढच्याच बसनं निघाले होते, बायकोला भेटायला. ती चार वर्षांपासून एका वृद्धाश्रमात आहे आणि आता नवऱ्याला ओळखत नाही.

त्यांनी खिशातून लिंबाएवढी संत्री काढून आम्हाला दिली आणि फोनमध्ये बराच वेळ बोलले. फोननं ते तुटक मराठीत सांगितलं. बायकोला घरी ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. पण पन्नास वर्षांत त्यांनी एक कप विसळलेला नव्हता, तिला न्हाऊ कसं घालायचं हे त्यांना कळेना. तिथे म्यानमारहून आलेली एक मुलगी आहे. तिनं त्यांना बायकोचे केस धुवायला शिकवले. आता दर रविवारी ते स्वतः धुतात. बायकोला नवऱ्याचं नाव आठवत नाही, पण त्या मुलीला ती नावानं हाक मारते.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठं निघालात?

माझ्या जिभेवर दवाखाना आलाच होता. सुमननं माझ्या हातातून फोन काढून घेतला, तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द सुटा करून मराठीत म्हणाली, “आमची मुलगी म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. इथेच, पुढच्या गावात. आम्ही तिचे आई-वडील.”

फोन जपानीत बोलला. हामादांनी झाडू बाकड्याला टेकवून ठेवला. टोपी काढली, पाय जुळवले आणि कमरेत वाकून आधी सुमनला, मग मला नमस्कार केला. अंगावर राख पडत होती, तरी किती वेळ वाकलेलेच राहिले. मला कुणी असा नमस्कार केलेला नाही. आणि तो ज्यासाठी केला, ते मी तीन वर्षं गावापासून लपवून ठेवलं होतं.  मला रडू आलं ते मी राखेवर ढकललं, पण सुमनला राख आणि रडू यातला फरक कळतो.

बस आली. या वेळी मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. हामादांचा थांबा आमच्या आधी होता. तो जवळ आला तेव्हा त्यांनी बटणाकडे बोट दाखवलं आणि मला दाबायला सांगितलं. मी एकदाच दाबलं.

आश्रम म्हणजे एकमजली, पांढरी, स्वच्छ इमारत. दारात योगिता उभी होती. फिकट निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले. पोर खूप बारीक झाल्यासारखी वाटली आणि खूप मोठीही. चपला बदलल्या, हात धुतले. तिनं मला काही विचारलं नाही. सुमन पुढं आणि मी तिच्या मागं, असे आम्ही आत गेलो.

मोठ्या खोलीत वीसेक म्हातारी माणसं बसली होती. एका आजीबाईला चाकाच्या खुर्चीतून पलंगावर न्यायचं होतं. योगिता तिच्यासमोर गुडघ्यावर बसली, म्हणजे आजीपेक्षा खाली. डोळ्यात बघून काहीतरी बोलली, हातानं पलंग दाखवला. मग पाय फाकवून उभी राहिली, आजीचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले आणि खुर्चीच्या दांड्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक टक. आजीनं आपल्या बोटानं योगिताच्या पाठीवर वाजवलं, टक टक, आणि मग दोघी एकदम उठल्या. हिसका नाही, ओढाताण नाही. आजी पलंगावर अलगद बसली.

मी सुमनकडे पाहिलं. तिनं ते पाहिलं होतं.

योगितानं आल्यावर महिन्याभरात हे चालू केलं होतं म्हणे. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचं लक्ष नसतं, ती माणसं अचानक उचललं की घाबरायची. म्हणून हलवायच्या आधी, हादरा अंगाला कळेल असं, दोनदा वाजवायचं आणि तेही तयार असले की दोनदा वाजवणार. आता तिथले सगळेच तसं करतात. तिच्या वरिष्ठ बाई आमच्याशी बोलायला आल्या, तेव्हा योगितानं भाषांतर करता करता मान खाली घातली. मी म्हटलं, काय म्हणतात ते पूर्ण सांग.

“त्या विचारतात, ही पद्धत भारतातल्या कोणत्या हॉस्पिटलमधली,” योगिता म्हणाली. “मी सांगितलं, हॉस्पिटल नाही, चाळीसगाव डेपो.”

त्यानंतर चार वाजेपर्यंत मी सगळं पाहिलं. भरवणं पाहिलं. एका आजोबांचं अंथरूण ओलं झालं होतं, तेव्हा योगितानं पडदा ओढला आणि मी बाहेर उभा राहिलो. तिचं आत चाललेलं शांत बोलणं मी ऐकलं. पडद्यामागून तीच टकटक आली. घाटात राख टाकून झाल्यावर मी ओकणाऱ्याला जसं ‘काही नाही, होतं असं’ म्हणायचो, त्याच आवाजात ती जपानीत बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज आमच्या घरचा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला दोनदा शाल मिळाली, पण त्या दुपारी मी जेवढा ताठ उभा होतो, तेवढा कधीच उभा राहिलेलो नाही.

चाळीसगाव

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. नाना पेपर वाचत चहाच्या टपरीवर बसले होते. आणखी चार-पाच जण होते. नानांनी विचारलं, कसं काय जपान, आणि पोरीचा दवाखाना कसा आहे?

“दवाखाना नही शे, नाना,” मी म्हटलं. “म्हातारा लोकेसना आश्रम शे. ती त्यास्नं आंग धोई देस, घास भरावस, हागनं-मुतनं बठ्ठं साफ करस. मी सवता देखी ऊनू. इतलं चांगलं काम मी जलममा नही करं.”

 नानांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली. मला वाटलं, आता ओट्यावरचा तो शब्द परत येतो. पण ते उठले, माझा दंड धरून मला बाजूला पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेले. वहिनींना, म्हणजे नानांच्या बायकोला, दिवाळीपासून पलंगावरून उठता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. सुना आहेत, पण वहिनी नानांशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत, हे मात्र माहीत नव्हतं.

“भाऊ,” नाना अगदी हळू म्हणाले, “पोरले ईचारी दे ना. उचलतांना ती घाबरी जास, मन्ही कंबर धरी लेस. पोर कशी उचलस?”

विचारायची गरज नव्हती, मी पाहून आलो होतो. आम्ही तसेच त्यांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नानांनी त्यांना वळवून पलंगाच्या कडेला बसवलं. मी नानांना पलंगासमोर गुडघ्यावर बसायला सांगितलं, वहिनींपेक्षा खाली. मग पाय फाकवून उभं केलं आणि त्यांना वहिनींचे हात आपल्या गळ्यात घ्यायला लावले. नाना लाजत होते. मी म्हटलं, आता पलंगाच्या लाकडावर दोनदा वाजवा आणि त्या वाजवेपर्यंत थांबा.

नानांनी वाजवलं. आम्ही थांबलो. वहिनी किती वेळ नुसत्या नानांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचं एक बोट हललं आणि नानांच्या पाठीवर दोनदा वाजलं.